सहा सरदार, आठ कुळं

कुडाळकडच्या आपल्या गावात जनार्दन राऊळला सगळे 'मास्टर' म्हणत. पोस्टमन म्हणे, देवळातला गुरव म्हणे आणि सगळ्यांत ठसक्यात म्हणे त्याची बायको कलावती. "आमचे मास्टर मे महिन्यात येतले" हे वाक्य ती विहिरीवर अशा सुरात टाकी की बाकीच्या बायकांचे कळशीवरचे हात थांबत. यात अडचण एकच होती. जनार्दन मास्टर नव्हता.

शिंप्याच्या दुकानात मास्टर म्हणजे कापणारा. माप घेतो, कापडावर खडूनं रेघा ओढतो आणि कात्री चालवतो, तो मास्टर. बाकीचे सगळे कारागीर. त्यांनी मशीनवर बसून त्यानं कापलेले तुकडे जोडायचे. मस्कतच्या हमरियात, मोबाइलवाल्याच्या आणि न्हाव्याच्या मधोमध असलेल्या ज्या दुकानात जनार्दन सोळा वर्षं दिशदाशा शिवत होता, तिथं मास्टर होते हैदराबादचे हुसेनभाई. ओमानी पुरुषांचा हा पायघोळ पांढरा झगा दिसायला साधा, पण खांद्यात एक दोरा चुकला की गिऱ्हाईक दुकान डोक्यावर घेतं. हुसेनभाईंची कात्री तीस वर्षांत चुकली नव्हती आणि ती त्यांनी दुसऱ्या कुणाच्या हातीही दिली नव्हती.

मग गावात मास्टर कसा झाला? चौथ्या वर्षी सुट्टीवर गेला तेव्हा सासऱ्यांनी चारचौघांत विचारलं, "जावईबापू, तिकडे हुद्दा काय?" आणि याच्या तोंडून निघून गेलं, "मास्टर." पुढं बारा वर्षं तो शब्द गावभर हिंडला. त्या रात्रीच कलावतीला खरं सांगून टाकलं असतं तर निभावलं असतं. पण ती इतकी खूश होती, की याला धीर झाला नाही. नंतर तर दरवर्षी सांगणं अवघडच होत गेलं.

एरवी हा माणूस मुळीच भित्रा नव्हता. उलट आत्मविश्वास असा दांडगा, की कुणाला काही विचारणं त्याला कमीपणाचं वाटे. मस्कतच्या मराठी मंडळाच्या ऐतिहासिक नाटकाला त्यानं नऊ अंगरखे शिवले होते, तेही एकही चित्र न बघता. फक्त कापून दिले होते हुसेनभाईंनी, आणि ही गोष्ट मंडळात कुणाला माहीत नव्हती. नाटकानंतर लोकांनी पाठ थोपटली. हुसेनभाईंचं नाव काढायचं तेवढं राहून गेलं.

दोन हजार सोळाच्या जानेवारीत हुसेनभाईंचा हात थरथरू लागला. खडूची रेघ वाकडी जायला लागली तशी त्यांनी स्वतःच कात्री टेबलावर ठेवली आणि मालकिणीला सांगितलं, आता घरी जातो. मालकीण बिलकीस, साठीची विधवा ओमानी बाई. दुकानातले सगळे तिला तिकडच्या रिवाजाप्रमाणे 'मामा' म्हणत. "मामा फार भल्या आहेत," असं जनार्दननं पहिल्या वर्षी फोनवर सांगितलं होतं, तेव्हा कलावतीनं दोन दिवस डोकं खाजवलं होतं, की यांना मस्कतात मामा कुठून भेटला आणि तो भल्या कसा.

बिलकीसनं जनार्दनला बोलावलं. नेमकी त्याच आठवड्यात एक मोठी ऑर्डर आली होती.

"हुसेन खलास, घर जाता है," ती म्हणाली. "स्कूल का काम तुम काटो. अच्छा हुआ, तो टेबल तुम्हारा. नहीं हुआ, तो अजमान से आदमी आएगा. इन्शाल्ला."

दुबईकडच्या अजमानचा तो माणूस तिशीचा होता आणि त्याला संगणकावर माप काढता येई, हे जनार्दनला ठाऊक होतं. तो एकदा टेबलापाशी उभा राहिला की पुढची वीस वर्षं हलणार नव्हता. जनार्दन सेहेचाळीसचा. म्हणजे आता नाही तर कधीच नाही, आणि गावातला तो शब्द कायमचा खोटा. त्यानं छाती पुढं काढून सांगितलं, "मामा, मुश्किल नहीं."

ऑर्डर आणली होती पूर्वा मॅडमनी. पुण्याच्या, नवऱ्याच्या नोकरीमुळे अल हैलला राहणाऱ्या आणि तिथल्याच एका भारतीय शाळेत अकरावीला इतिहास शिकवणाऱ्या. त्यांनी मंडळातलं नाटक पाहिलं होतं, अंगरखे पाहिले होते, म्हणून मुद्दाम हमरिया शोधत आल्या होत्या. अभ्यासक्रमातल्या तीन जगांचे तीन प्रवेश त्यांची मुलं करणार होती. एक इंका राजाचा दरबार, दुसरा स्पॅनिश लोकांनी तो देश घेतल्यानंतरचा लिमा शहरातला चौक आणि तिसरं मध्ययुगीन युरोपातलं जमीनदाराचं गाव.

"जनार्दनभाऊ, हे इंका लोक बघा," मॅडमनी पुस्तक उघडलं. "यांच्याकडे सोन्यापेक्षा कापडाला मान होता. आणि हे लोक कापड कधी कापत नसत. मागावरच अंगाच्या मापाचं विणायचे. डोकं जायला फट, तीसुद्धा विणतानाच ठेवायची."

जनार्दन चित्राकडे बघत राहिला. सोळा वर्षं कात्रीची वाट पाहिली आणि पहिलंच काम आलं ते न कापणाऱ्यांचं. त्याला हसू आलं.

"कापलं की काय व्हायचं?"

"अपमान व्हायचा असेल कापडाचा. स्पॅनिश सैन्य येताना दिसलं की माघार घेणारे इंका म्हणे कापडाची कोठारं पेटवून द्यायचे. सोनं तिथंच सोडायचे."

"कळलं. आमच्याकडे पूजेला शिवलेलं चालत नाही. सोवळं म्हणजे सलग वस्त्र. ही माणसं रोजच सोवळ्यात म्हणायची."

मॅडम हसल्या. पण हे कळण्यात त्याची हुशारी खरी होती. त्यानं बिलकीसच्या माळ्यावरचे जुने मसार खाली काढले. मसार म्हणजे ओमानी पुरुष डोक्याला गुंडाळतात ते चौकोनी, नक्षीच्या काठांचं कापड. दोन मसार काठाला काठ लावून जोडायचे, मध्ये डोक्यापुरती फट सोडायची, बाजूंना हातांपुरती. एका दिवसात इंका दरबार तयार झाला आणि कात्रीचं पातं उघडलंही नाही. मॅडम बघतच राहिल्या. हुसेनभाईंनी चष्मा वर करून एक डगला उलटासुलटा केला आणि न बोलता परत ठेवला. ते गप्प राहिले म्हणजे काम पसंत.

दुसऱ्या प्रवेशाला मात्र कापाकापी आली. स्पॅनिश सुभेदाराच्या गळ्याभोवतीची चुण्यांची थाळीएवढी कॉलर, बायकांचे घेरदार झगे. पहिल्यांदा कात्री कापडात गेली तेव्हा जनार्दननं ती इंचाइंचानं सरकवली, आणि रेघ सरळ आली. मॅडम समजावत होत्या, की स्पेनमध्ये जन्मलेला स्पॅनिश वरचा आणि त्याचाच मुलगा इकडे अमेरिकेत जन्मला तर तो एक पायरी खाली.

"बाप वर आणि मुलगा खाली? रक्त तेच ना?"

"तेच. जन्मगाव वेगळं."

"मग कपड्यात फरक काय करू?"

"कपडे सारखेच घालायचे हो."

"मग लोकांना कळणार कसं?" जनार्दननं विचार केला आणि बापाला सोनेरी बटणं लावली, मुलाला पितळी. "दिसतील सारखीच, पण पोरगं दिव्याखाली आलं की कळेल."

मॅडमनी मग सांगितलं, की राजा एकेका स्पॅनिश माणसाला गावंच्या गावं नेमून देई. गावातल्या मूळ लोकांनी त्याच्यासाठी खाणीत, शेतात राबायचं आणि बदल्यात त्यानं त्यांना सांभाळायचं, धर्म शिकवायचा. सांभाळणं कागदावर राही, राबणं तेवढं खरं.

"म्हणजे खोती," जनार्दन ताडकन म्हणाला. "मॅडम, माझे आजोबा भिकाजी, खोताचं कूळ होते. भात पिकवायचं यांनी, निम्मं जायचं खोताच्या कणग्यात. वर खोताच्या घरी लग्न निघालं की फुकट वेठीला. लाकडं फोडा, पाणी भरा, मांडव घाला. आजोबा जेवायला बसायचे ते गोठ्याजवळ."

हे सांगताना त्याचा आवाज चढला होता. मॅडम वहीत लिहून घेत होत्या. आपलं बोलणं शिकवणारी बाई लिहून घेते आहे, हे पाहून गडी आणखी फुलला, आणि नेमकी इथंच माशी शिंकली.

दोन दिवसांनी मॅडमचा फोन आला. तिसऱ्या प्रवेशाचं पुस्तक शाळेत अडकलं होतं, चित्रं उद्या पाठवते म्हणाल्या. "सरंजामशाहीच आहे भाऊ. सहा सरदार, एक धर्मगुरू, आठ कुळं. मखमल तुमच्याकडे आहे ना?"

"चित्रं कशाला पाठवता? सरंजामशाही आमच्या पाचवीला पुजलेली," जनार्दन म्हणाला. "सरदार कसा असतो ते मला नका सांगू. तुम्ही निर्धास्त राहा."

मॅडम खरंच निर्धास्त राहिल्या. सुभेदाराच्या कॉलरीनंतर त्यांचा या माणसावर भलताच विश्वास बसला होता. जनार्दननं सगळी किरमिजी मखमल टेबलावर पसरली आणि जन्मात आखली नव्हती इतक्या तोऱ्यात खडूची रेघ आखली. हुसेनभाई कोपऱ्यातून म्हणाले, "फोटो देखा?" यानं मान हलवली, की बघायची गरज नाही. हुसेनभाईंनी पुन्हा विचारलं नाही.

तालीम मंगळवारी होती, प्रयोग गुरुवारी. मंगळवारी कपड्यांचे गठ्ठे घेऊन जनार्दन अल हैलला गेला आणि शाळेच्या हॉलमध्ये पहिल्या रांगेत हाताची घडी घालून बसला. इंका दरबार झाला, मुलांनी टाळ्या वाजवल्या. लिमाचा चौक झाला. मग तिसऱ्या प्रवेशाचा पडदा वर गेला. मागं जाड पुठ्ठ्याचा दगडी किल्ला, त्यावर सिंहाचं निशाण, आणि किल्ल्यापुढं मखमली अंगरखे, छातीवर तिरके बंद, डोक्यावर मराठेशाही पगड्या अशा थाटात उभे असलेले सहा सरदार.

हॉलमध्ये हशा उसळला. सरदारांतलीच एक, मंडळाच्या कार्यक्रमांत नेहमी दिसणारी सई, पगडी सावरत पुढं आली. "मॅम, हे... म्हणजे this is Maharashtra, no? आपण फ्रान्समध्ये आहोत ना?"

जनार्दन उठून उभा राहिला. सरदार म्हटल्यावर त्याच्या डोळ्यांपुढं जो आला तो त्यानं शिवला होता. सरदार दुसऱ्याही मुलखात असतात आणि ते पगडी घालत नाहीत, हे त्याच्या मनाला शिवलंच नव्हतं. गंमत अशी, की कुळं मात्र बिनचूक होती. गुडघ्यापर्यंतच्या जाड्याभरड्या बंड्या, कमरेला सुंभ, खिसा नाही. शिवताना तो स्वतःशीच म्हणाला होता, कुळाला खिसा कशाला, ठेवणार काय त्यात? पुस्तकातल्या युरोपी शेतकऱ्याचं चित्र आता मॅडमनी उघडलं, तर तो तंतोतंत आजोबांसारखा उभा होता.

मॅडम रंगमंचाच्या कडेला बसल्या. प्रयोगाला प्राचार्य येणार होते, पालक येणार होते. पण बाई मोठ्या मनाची. "चूक माझी आहे, भाऊ," त्या म्हणाल्या. "मी चित्रं पाठवायलाच हवी होती. मी बिलकीस बाईंनाही तसं सांगते."

ही वाट आयती होती. जनार्दननं हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. त्यानं पुस्तकातलं सरदाराचं पान तेवढं मागून घेतलं आणि अंगरखे-पगड्यांचा गठ्ठा बांधून परत नेला.

बुधवारी सकाळी दुकान उघडल्याबरोबर त्यानं सहाही अंगरखे टेबलावर पसरले. नवी मखमल आणायची तर वेळ नव्हता आणि आणली असती तर मामाला कळलं असतं. सोळा वर्षांत पहिल्यांदा त्यानं दुकानातल्या माणसाला सरळ विचारलं.

"हुसेनभाई, क्या करूँ?"

हुसेनभाई उठून आले. पुस्तकातल्या सरदाराकडे बघितलं, अंगरख्याकडे बघितलं. "कटा हुआ वापस नहीं जुड़ता," ते म्हणाले. "जो गया उसको मत देख. क्या बचा है, वो देख. फोटो में काख देख."

जनार्दननं चित्रावर नाक टेकवलं. त्या युरोपी झग्याला घेर आला होता तो खाली रुंद होत जाणाऱ्या तिरक्या पट्ट्यांनी, म्हणजे आपल्या कळ्यांनी. काखेत चौकोनी तुकडा होता, हात वर गेला की शिवण ताणू नये म्हणून. अंगरख्याला तेच होतं. त्याच्या मागं खुंटीवर लटकत असलेल्या दिशदाशालाही तेच होतं.

"हुसेनभाई, ये तो सब एक ही है!"

"आदमी का काख सब मुल्क में एक जैसा," हुसेनभाई म्हणाले आणि जाऊन चहा प्यायला बसले.

मग जनार्दनचे हात चालू लागले. बंद उसवले. अंगरखा पाठचा पुढं केला, म्हणजे सपाट पाठ छातीवर आली आणि तिरका पदर मागं जाऊन शिवला गेला. गळा पुढून थोडा खोल करायला लागला, तेवढीच काय ती कात्री चालली. पगड्या उलगडल्या तर एकेकीत कितीतरी हात कापड निघालं. त्यातून लोंबत्या बाह्या झाल्या, खांद्यावर पसरणारी झूल झाली आणि त्या झुलीखाली गळ्याचे सगळे अपराध झाकले गेले. दुपारच्या बांगेपर्यंत दोन सरदार फ्रान्सला पोचले, संध्याकाळपर्यंत सहाही. इस्त्री करताना मात्र त्याच्या लक्षात आलं, की मखमलीत सुईची भोकं राहिली आहेत. मखमल जुनी शिवण विसरत नाही.

गुरुवारचा प्रयोग झोकात झाला. प्राचार्यांनी कपड्यांचं नाव घेऊन कौतुक केलं आणि मॅडमनी जनार्दनला रंगमंचावर बोलावून मुलांना सांगितलं, की मध्ययुगात शिंप्यांचा संघ असे. उमेदवारानं वर्षानुवर्षं राबून एक कपडा स्वतः करून दाखवायचा, जुन्या मास्टरांनी तो पारखायचा आणि पसंत पडला तरच त्याला मास्टर म्हणायचं. मुलांनी टाळ्या वाजवल्या. जनार्दन हसला खरा, पण त्याची पारख अजून व्हायची होती.

ती शनिवारी सकाळी झाली. कपडे दुकानात परत आले होते. बिलकीस खुर्चीवर बसली आणि एकेक कपडा मांडीवर घेऊन उलटा करू लागली. सुलटी बाजू तिनं पाहिलीच नाही. हुसेनभाई बॅग भरून, नवी पॅन्ट घालून बाकावर बसले होते, दुपारचं विमान होतं त्यांचं. इंका डगले बघून ती "माशाल्ला" म्हणाली. कॉलर बघून मान डोलावली. मग किरमिजी मखमल हातात आली आणि तिचं बोट पाठीवरच्या तिरक्या भोकांच्या रांगेवर थांबलं.

"ये क्या?"

जनार्दनला मॅडमचं वाक्य आठवलं. चूक माझी आहे, मी सांगते. एक फोन लावला असता तर काम झालं असतं. त्याच्या मनात आलं, की बारा वर्षांपूर्वी सासऱ्यांसमोरही असंच एक सोपं उत्तर जिभेवर आलं होतं, आणि त्या एका उत्तराचं ओझं अजून उतरलेलं नाही. त्याला स्वतःचाच संताप आला.

"मैंने गलत काटा, मामा," तो म्हणाला. "मॅडम फोटो दे रही थी, मैंने नहीं लिया. हुसेनभाईने पूछा था, उनको भी नहीं सुना. फिर खोलके दूसरा बनाया."

"कपड़ा कितना फेका?"

"एक वीत भी नहीं."

बिलकीसनं हुसेनभाईंकडे बघितलं. हुसेनभाईंनी एवढंच म्हटलं, "मामा, मेरे से भी पहले साल में चार दिशदाशा गया था. मैंने बोला था गिऱ्हाईक ने माप गलत दिया." बिलकीसला हे तीस वर्षांत माहीत नव्हतं. ती आधी डोळे वटारून त्यांच्याकडे बघत राहिली आणि मग इतकी हसली, की तिच्या मांडीवरचा सरदार खाली पडला.

"खलास," ती डोळे पुसत म्हणाली. "टेबल तुम्हारा. यल्ला, काम करो."

जनार्दन मास्टर झाला. हुसेनभाईंना टॅक्सीत बसवून, त्यांच्या पाया पडून तो गल्लीत उभा राहिला आणि त्यानं तिथूनच कलावतीला फोन लावला. सोळा वर्षांत इतका आनंद झाला नव्हता, आणि त्या आनंदाच्या भरात त्याच्या लक्षातच आलं नाही आपण काय बोलतो आहोत ते.

"अगो, मी मास्टर झालंय!"

पलीकडे कोंबड्यांचा आवाज येत होता.

"झालंय म्हणजे?" कलावती म्हणाली. "मगे इतकी वर्सां कोण होतास?"

आता मागं फिरायला जागा नव्हती. त्यानं सगळं सांगितलं. सासऱ्यांचा प्रश्न, आपलं उत्तर, हुसेनभाईंची कात्री, मशीन, सगळं. सांगता सांगता मशीनवर बसून काढलेल्या सोळा वर्षांची त्याला आज प्रथमच लाज वाटेनाशी झाली. सांगून झाल्यावर तो कलावतीच्या रागाची वाट बघत राहिला.

"म्हणजे दरवर्सा तुमी माका हाडतास ते ब्लाउज," तिनं सावकाश विचारलं, "ते तुमी नाय कापलास?"

"नाय. हुसेनभायनी कापल्यानी."

"आणि शिवले कोणी?"

"शिवलंय मी."

"मगे झाला तर," कलावती म्हणाली. "बारा वर्सांत एकाची शिवण उसवूक नाय. कापल्यानी कोणी, ता माका कित्याक व्हया?"